दोन जावा, एक व्हिसा

सोलापूरच्या नव्या पेठेत मला माझ्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. रिक्षावाल्याला "व्हिसाबाईंचं ऑफिस" म्हटलं की तो थेट एका साड्यांच्या दुकानासमोर आणून सोडायचा. दुकानाच्या बाजूचा अरुंद जिना चढला की वर मी. आता त्या खोलीत चष्म्याचं दुकान आहे आणि मी निवृत्त. तरी परवा भाजी घेताना एकीनं गाठलंच, "व्हिसाबाई, पोराला बाहेर शिकायला धाडायचंय, कसं करायचं हो?" तिला म्हटलं, बाई गं, पोरांना शिकायला किंवा नोकरीला पाठवायचं काम मी कधीच केलं नाही. मी फक्त व्यापाऱ्यांचे व्हिसा करायची.

व्यापाराचा व्हिसा म्हणजे थोड्या दिवसांची परवानगी. त्या देशात जा, गिऱ्हाइकाला भेटा, प्रदर्शनात माल दाखवा, यंत्रं बघा, करारावर सह्या करा आणि घरी या. तिथं पगारावर काम धरायचं नाही. सोलापुरातून असं कोण जातं, म्हणून पुण्याकडचे लोक विचारतात. टॉवेलवाले जातात, चादरीवाले जातात, युनिफॉर्म शिवणारे आखातात जातात, डाळिंबवाले कुठंही जातात. एका टॉवेल कारखानदाराच्या पत्नीचा परदेशी प्रदर्शनावर विश्वासच नव्हता. म्हणून नवऱ्यानं मला साक्षीला घरी नेलं. नवरा-बायकोत तेलुगूतून बराच वेळ काय चाललं होतं ते मला कळलं नाही, पण शेवटी बाईंनी चहा आणला तो एकट्या माझ्यासाठी. माळशिरसचे एक डाळिंबवाले होते. त्यांचा फोटो काढून झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे चुलते वारले. डोकं आणि मिशी उतरवून बिचारे पुण्याच्या व्हिसा केंद्रात गेले, तर फोटोतला माणूस हा नव्हेच असं ठरलं.

पण मला आज सांगायचंय ते दोन जावांबद्दल.

माढ्याजवळच्या एका गावातून त्या आल्या. थोरली रुक्मिणी, पन्नाशी ओलांडलेली, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारी. धाकटी मनीषा, तिशीतली, बी.कॉम. झालेली, हातात दोन फोन. दोघी मिळून कडक भाकरीचा कारखाना चालवत. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, तिथं गावातल्या बायका ज्वारीच्या भाकरी थापायच्या, भाजायच्या आणि मग मंद आचेवर पापडासारख्या कडक होईपर्यंत वाळवायच्या. थापण्याचं, भाजण्याचं सगळं रुक्मिणीच्या हाती. विक्री, पॅकिंग, फोन मनीषाकडं. दोघींचं सतत वाजायचं. माझ्या जिन्यावरून त्या वर येत असल्या की आधी भांडण ऐकू यायचं, मग त्या दिसायच्या.

आमच्या सोलापूरचा सागर नावाचा एक इंजिनिअर युरोपातल्या एका देशात नोकरीला आहे. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिकडच्या वकिलातीत आजही आपल्या लोकांची कामं पडतात. सागरच्या डब्यातली या दोघींकडची कडक भाकरी तिथल्या योहान नावाच्या व्यापाऱ्यानं चाखली. तिकडं पुष्कळांना गहू पचत नाही आणि ज्वारी त्यांना चालते. योहानचा धंदाच अशा लोकांसाठी खाऊ विकण्याचा. त्यानं दोघी जावांना खाद्यपदार्थांच्या एका मोठ्या प्रदर्शनाचं निमंत्रण पाठवलं आणि आपल्या स्टॉलचा एक कोपरा देऊ केला. माल आवडला तर कायमची मागणी देईन, म्हणाला.

"म्याडम, हे झालं तर शेड मोठी करता येती," मनीषा म्हणाली. "आज बारा-पंदरा बाया हायेत. तीस लागतील."

"आन् न्हाय झालं तर हायेत त्या बी घरी जातील," रुक्मिणी म्हणाली. "गिऱ्हाईक कमी झालंय, बाई. आता गल्लोगल्ली झाल्यात कडक भाकरीवाले."

कागद गोळा करणं हा माझ्या धंद्यातला सोपा भाग. निमंत्रण, नोंदणी, कराचे कागद, बँकेचा उतारा, विमा, राहण्याची सोय. अवघड असतं ते सोबतचं पत्र. प्रत्येक व्हिसा अधिकारी मनातल्या मनात एकच विचारत असतो, हा माणूस परत जाईल कशावरून? त्याचं उत्तर मला पत्रातून द्यायचं असे, म्हणून मी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी विचारायची. लोकांची उत्तरं ऐकायला मला आवडायचं. कुणी जमीन सांगे, कुणी म्हातारी आई. एकानं बैलजोडी सांगितली होती.

रुक्मिणीला विचारलं तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "आता ह्या वयात न येऊन कुटं जाऊ, बाई?"

मनीषानं मात्र मुद्देसूद सांगितलं. नवरा पुण्यात कामाला, मुलगी शाळेत, धंद्यात निम्मी भागी. मी मनात म्हटलं, हिचं पत्र सुरेख होणार. खरी काळजी थोरलीची.

काळजी खरीच ठरायला लागली. फोटोवाल्यानं पदर मागं घ्या म्हटल्यावर रुक्मिणी उठून चालू लागली. मनीषानं त्याला बाहेर काढलं, स्वतः कॅमेरा धरला, तेव्हा फोटो झाला. पुण्याच्या केंद्रात बोटांचे ठसे घेताना तर यंत्रानं तिला ओळखलंच नाही. आयुष्यभर तव्यावर भाकरी उलटून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. ओल्या फडक्यानं बोटं पुसून, दाबून, पुन्हापुन्हा प्रयत्न करून कसेबसे ठसे उठले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, तुमच्या हातावर काहीच नाहीये." रुक्मिणी म्हणाली, "व्हय, लई भाजलेत."

पासपोर्ट परत आले ते माझ्याच ऑफिसात, दोघींच्या समोर उघडले. रुक्मिणीच्या पासपोर्टात व्हिसा चिकटवलेला होता. मनीषाच्या पासपोर्टात काही नव्हतं, फक्त सोबत एक छापील पत्र. नकाराची कारणं त्यावर आधीच छापलेली असतात, लागू असेल त्यासमोर खूण करतात. खूण होती ती शेवटच्या कारणापुढं. मुदत संपण्याआधी देश सोडून जाण्याचा अर्जदाराचा इरादा असल्याची खात्री पटत नाही.

मनीषानं ते दोनदा वाचलं. तिला इंग्रजी माझ्याइतकंच येत होतं, मी समजावण्यासारखं काही नव्हतं.

"म्हंजे मी पळून जाईन असं वाटलं व्हय त्येंला?"

"तसं नाही गं," मी म्हटलं.

"तसंच हाय की. लिवलंय की सरळ."

"मी बी न्हाय जात मग," रुक्मिणी म्हणाली आणि पासपोर्ट मिटून टेबलावर ठेवला.

"तुमी नगा बोलू, आक्का." मनीषा उठली आणि जिना उतरून गेली. रुक्मिणी तिच्या मागं गेली. खाली साड्यांच्या दुकानासमोर दोघी उभ्या होत्या, गर्दी त्यांच्या दोन्ही बाजूंनी जात होती आणि पहिल्यांदाच दोघींपैकी कुणीच भांडत नव्हती.

लोक मला विचारतात, का झालं असं? माझ्या धंद्यात निकाल कळतो, कारण कळत नाही. तरुण होती म्हणून? शिकलेली होती म्हणून? नवरा दुसऱ्या गावी राहतो म्हणून? दोघींची कागदपत्रं सारखीच, पत्रं दोन्ही माझ्याच हातची, आणि मनीषाचं जास्त चांगलं होतं. त्या दोन फायलींबद्दल मला आजही कुतूहल आहे. अपील करता येतं, पण त्याला वेळ लागतो, आणि प्रदर्शन तोवर थांबणार नव्हतं.

दोन दिवसांनी मनीषा एकटीच आली. डोळे सुजलेले, पण आवाज कामाचा.

"आक्का जाणार. मी सांगितलंय. पण बोलणार कोण? सागरदादा दिवसा ड्युटीवर असतो. मग मी फोनवरनं बोलते. आक्का फोन टेबलावर उभा करंल, मी हितनं बोलंन. पण आमच्या गावात रेंजचा भरवसा न्हाय. तुमचं ऑफिस वापरू का?"

मी कसली नको म्हणते! इतकी वर्षं मी लोकांना विमानात बसवून दिलं होतं. पलीकडं काय होतं ते पहिल्यांदाच दिसणार होतं.

जायच्या आधी मी रुक्मिणीला एकच शिकवलं. तिकडच्या विमानतळावर अधिकारी काही विचारेल. कळलं नाही तर घाबरायचं नाही, योहानचं निमंत्रण पुढं करायचं. आणि तसंच झालं. अधिकाऱ्यानं काहीतरी विचारलं, तिनं कागद दिला, त्यानं आणखी विचारलं, तिनं पुन्हा तोच कागद पुढं केला. तिला बाजूच्या बाकावर बसवलं. तिथली ती वेळ तिनं मला नंतर सांगितली, "बाई, समोर काचंचं दार हुतं. लोक त्यातनं भाईर चालल्याले. मला वाटलं, ते दार काय माज्यासाटी न्हाय, आता हितनंच परत सोलापूर." मग त्या अधिकाऱ्यानं कागदावरच्या नंबरावर योहानला फोन लावला, बोलणं झालं आणि शिक्का बसला. जाताना त्यानं तिला पाण्याची बाटली दिली. ती तिनं सुटकेसमध्ये जपून परत आणली होती.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी तिकडची सकाळ म्हणजे आमची दुपार. मनीषा इस्त्रीची साडी नेसून माझ्या खुर्चीत बसलेली, मी शेजारी. फोनवर रुक्मिणी दिसली, हिरवं लुगडं, वर सागरच्या बायकोचा स्वेटर. मागं चकचकीत स्टॉल, माणसांची ये-जा. नमुन्यांची खोकी कुरियरनं आधीच पाठवलेली होती. योहानच्या माणसानं ती आणून ठेवली आणि रुक्मिणीनं कॅमेऱ्यासमोर पहिलं उघडलं.

आत तुकडे होते.

दुसरं उघडलं. तुकडे. तिसऱ्यात तळाशी थोडा चुरासुद्धा होता. एवढ्या खोक्यांत अख्खी म्हणावी अशी एखाद-दुसरी भाकरी निघाली असेल. रुक्मिणी खाली जमिनीवर बसली. आम्हाला फक्त तिचा पदर दिसत होता.

"तुजं पॅकिंग," खालून आवाज आला.

"माजं पॅकिंग? एवढी पातळ कुणी थापली? मी म्हणत हुते, जाड थापा, लांब जायाचंय!"

"जाड भाकरी कडक हुती व्हय गं? तुला भाकरीतलं काय कळतंय?"

"आन् तुमाला पॅकिंगमधलं?"

माढ्याचं भांडण नव्या पेठेतून निघून त्या परक्या देशातल्या प्रदर्शनात पोचलं होतं. आजूबाजूच्या स्टॉलवरचे लोक वाकून बघायला लागले. मी मनीषाचा हात धरला. ती थांबली. मग एकदम हळू म्हणाली, "आक्का, जेवलाव का सकाळी?"

"न्हाय."

"मग खावा आदी कायतरी."

बाहेरचं दुसरं काही तिला चालत नव्हतं, म्हणून पिशवीत नुसत्या दह्याचा डबा होता. सोबत घरची शेंगाचटणी होतीच. रुक्मिणीनं वाडग्यात दही ओतलं, खोक्यातले मूठभर तुकडे कुस्करले, वर चटणी टाकली आणि जमिनीवरच बसून खायला लागली. आपण घरी खातो तसंच. अख्खी कडक भाकरी तोंडात कोण घालतं?

एक वयस्क बाई थांबली. गळ्यात प्रदर्शनाचं कार्ड, हातात पिशवी. तिनं वाकून वाडग्यात पाहिलं. रुक्मिणी खाणं थांबवून तिच्याकडं बघत राहिली. आणि मग आपल्याकडची कुठलीही बाई करील तेच तिनं केलं. उठली, दुसऱ्या वाडग्यात दही घेतलं, तुकडे घातले, वर चटणी भुरभुरली आणि पुढं केलं. "खावा."

"हे ज्वारीचं आहे, गहू अजिबात नाही," मनीषा फोनमधून इंग्रजीत म्हणाली. ती बाई दचकून मागं सरकली. आवाज कुठून आला ते तिला कळेना. रुक्मिणीनं बोटानं फोन दाखवला. बाईनं वाकून स्क्रीनमध्ये पाहिलं, हसली, हात हलवला. मनीषानंही हलवला. मग त्या बाईनं चमचा तोंडात घातला. कुरकुर आवाज आम्हाला नव्या पेठेत ऐकू आला.

ती हलली नाही तशी आणखी दोघं थांबली. योहान आला तेव्हा तिथं घोळका होता. आधी त्याची नजर खोक्यांवर गेली आणि चेहरा पडला. मग तो लोकांच्या मागं उभा राहून बराच वेळ नुसता बघत राहिला. मनीषा न थांबता बोलत होती, ज्वारी कुठली, बायका कशा थापतात, किती दिवस टिकते. कोपऱ्यातल्या त्या फोनमधून ती प्रदर्शनभर बोलली असती. तिचा घसा बसला तेव्हा मी पाणी दिलं.

तिकडं संध्याकाळ व्हायला आली तेव्हा योहान फोनसमोर खुर्ची ओढून बसला. माल घेतो, म्हणाला, पण असाच. तुकडे, पिशवीत भरलेले. अख्खी भाकरी नको.

मनीषानं फोन जवळ ओढला. मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. पण तिला कळलं होतं. ते आक्काला सांगायचं कसं, हा तिच्यापुढचा प्रश्न होता.

"काय म्हणतोय त्यो?" रुक्मिणीनं विचारलं.

"घेतो म्हणतोय, आक्का. पण... मोडकी पायजे."

"मोडकी? मोडकी भाकरी कोण इकत घेतं?"

"त्यो घेतो."

रुक्मिणीनं योहानकडं असं पाहिलं की तो खुर्चीत सावरून बसला.

रुक्मिणी परत आली ती पेढे न आणता. कामाचं कौतुक मी केलं, ते तिनं ऐकून घेतलं. "बाई, माज्या सासूनं मला सा म्हयने हाताला धरून शिकवलं. चंद्रावानी गोल झाली पायजे, कडा फाटता कामा न्हाय. आन् आता थापायची, भाजायची आन् मोडून टाकायची? तुकडेच पायजेत तर बिस्कीटवाल्याकडं जा म्हणावं."

मागणी अडकून पडली. मनीषाला कापायचं यंत्र आणायचं होतं, चौकोनी तुकडे, सोपं काम. रुक्मिणी शेडमध्ये यंत्र येऊ देईना. योहानचे मेल येत राहिले, मनीषा काहीतरी लिहून वेळ मारून नेत राहिली. शेवटी तोड काढली ती शेडमधल्या बायकांनीच. त्यांना काम हवं होतं. त्या रुक्मिणीला म्हणाल्या, आमी पैल्यासारखीच थापतो, तुमी पैल्यासारखीच तपासा, कच्ची-फाटकी बाजूला काढा. चांगली झाली असं तुमी म्हणलाव की मग मोडू. रुक्मिणीनं ते मान्य केलं. मनीषानं योहानला कळवलं, यंत्र नाही, हातानंच. त्याला तर तेच हवं होतं. वेडेवाकडे तुकडे बघून तिकडं गिऱ्हाईक जास्त पैसे देतं म्हणे.

मी मुद्दाम शेड बघायला गेले. पहिल्या दिवशी बायकांचे हात मोडायला उठत नव्हते, असं मनीषा म्हणाली. मी गेले तोवर सवय झाली होती. गप्पा मारत मोडत होत्या. रुक्मिणी प्रत्येक भाकरी उजेडाकडं धरून बघत होती आणि मोडणाऱ्या बायकांकडं पाठ करून बसली होती.

पुढच्या प्रदर्शनाला रुक्मिणी जायला तयार नव्हती. "एकदा बगितलं की." मनीषानं पुन्हा अर्ज केला. मी तेच पत्र, तोच मजकूर, फक्त तारखा बदलून दिलं. खरं तर खुबीनं बदलायला हवं होतं, पण मला बघायचं होतं काय होतं ते. व्हिसा आला. मी तो पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. गेल्या वेळी ती परत येणार नव्हती आणि यंदा येणार होती, एवढाच त्याचा अर्थ. का, ते त्यावर लिहिलेलं नव्हतं.

ती गेली, काम चोख केलं, ठरल्या तारखेला परत आली. आठवड्याभरानं माझ्याकडं आली. मी तेव्हा ऑफिस आवरायला घेतलं होतं, कपाटं रिकामी करत होते. ती स्टुलावर बसली, इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली,

"म्याडम, एक इचारू? त्या सायबाला कसं कळलं असंल हो?"

"कुठल्या साहेबाला?"

"मागल्या वेळी मला न्हाय म्हणला त्यो." ती खिडकीबाहेर बघत होती. "शेवटच्या दिवशी मी एकटीच त्येंच्या रेल्वे स्टेशनवर बसलीवते. विमानतळाची गाडी यायला टाइम हुता. समोर दुसऱ्या गाड्या लागल्या हुत्या. पाट्या वाचत हुते, कुटकुटली गावं. कुणी मला वळखत न्हवतं. फोन बंद पडलावता. आन् मला वाटलं, ह्यातल्या एका गाडीत बसावं. कुटं जाती ते न बघता. लई वाटलं. हात पिशवीवर गेलावता."

मी हातातल्या फायली खाली ठेवल्या. मनीषाचं पत्र मी दोनदा दिलं होतं, प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि ही मनीषा त्यात कुठंच नव्हती.

"मग?" मी विचारलं. "का नाही बसलीस?"

ती खरंच आठवायचा प्रयत्न करत होती.

"मला बी म्हायती न्हाय. विमानतळाची गाडी आली. उठले, बसले." मग ती म्हणाली, "आक्काला सांगितलं हे. मला वाटलं वरडंल."

"काय म्हणाल्या?"

"म्हणली, मला बी त्या काचंच्या दाराफुडं बसल्यावर तसंच वाटलंवतं. फकस्त मला वाटलं, आत न्हाय सोडलं तरी चालंल, पन घरी बी नगं." मनीषा हसली, मग तिचे डोळे भरले, मग ती पुन्हा हसली. "रातच्याला दोगी बसून लई हसलो, म्याडम. दाजींनी, आक्काच्या मालकांनी, इचारलं, काय झालं, तर आक्का म्हणली, काय न्हाय, धंद्याचं बोलतोय."